चढणं, उतरणं

आर्तिगासच्या बाहेर, कच्चा रस्ता जिथे संपतो,
तिथली आमच्या घरामागची टेकडी आतून पोकळ आहे.
वरून बेसाल्ट. काळा, मठ्ठ, बसलेल्या गुरासारखा.
वर मेंढ्या चरतात
आणि त्यांच्या पोटाखाली, साठ-सत्तर हातांवर,
माणसं रांगत असतात.

बाबा, ओलेगारियो बेंतांकुर,
ड्रिल बाजूला ठेवून आधी भिंत वाजवून बघायचे,
हातोडीने, हलकेच, कलिंगड वाजवून घेतात तसं.
भरीव दगड गप्प बसतो.
पोकळ दगड उत्तर देतो.
मग बोटभर भोक, भोकातून तारेला बांधलेला इवला दिवा,
एक डोळा मिटलेला.
"आहे," एवढंच म्हणायचे.
किंवा थुंकायचे.

शाळेत ओफेलियाबाईंनी सांगितलं,
ग्रीक लोक म्हणे या दगडाच्या प्याल्यातून प्यायचे,
नावाचाच अर्थ मुळी: न चढणारी.
अख्ख्या वर्गाने वळून माझ्याकडे पाहिलं.
निदान मला तसं वाटलं.
प्रत्येकाचाच बाप खाणीत उतरायचा
आणि शनिवारी प्रत्येकालाच चढायची.
बारा-बारा तास ॲमेथिस्टच्या पोटात,
केसांत त्याची भुकटी, नखांत, खोकल्यात,
आणि तरीही
आई उंबऱ्यातच त्यांचे बूट काढायची
नि बुटांशीच बोलायची.

आता मी बेनितेसच्या शेडमध्ये निवड करते.
दक्षिणेची खिडकी, कारण आमच्याकडे ऊन उत्तरेने येतं
आणि उन्हात जांभळा खोटं बोलतो.
स्फटिक मुळाशी पांढरा असतो, खरवसासारखा.
रंग काय तो टोकाला.
गिऱ्हाइकाला वाटतं, खडा आरपार जांभळा आहे.
तसं नसतं.
कापणारा सेगुंदो ती चिमूटभर जांभळी तळाशी धरतो
आणि येणारा उजेड तिच्यावरून परतवतो,
की सगळा खडा भरल्यासारखा दिसावा.
थोडा असला तरी चालतो, म्हणतो तो,
जागा चुकता कामा नये.

फिकट माल भट्टीत जातो.
वाळूत पुरून, रात्रभर, साडेचारशे अंश.
सकाळी पिवळा. दुसरं नाव, दुसरी पेटी,
दर थोडा बरा.
लोखंडाचा एक कण,
त्याच्यावर खडकातल्या किरणांनी
कोट्यवधी वर्षं बसून चढवलेला रंग
चहा निवावा तितक्या सहज उतरतो.
पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी पेटी झाकून टाकली होती.
आता वजन करते.

बाबांची अशी एका रात्रीत उतरली नाही.
आधी कान गेले.
दगड उत्तर द्यायचा, त्यांना कळायचं नाही,
आणि एकदा भलत्याच भिंतीत त्यांनी नऊ दिवस घालवले.
दहाव्या दिवशी मुकादमाने त्यांच्या हातात हातोडी दिली नाही.
कान्याची बाटली त्या रात्रीही टेबलावर होती.
त्यांनी ती नखाने वाजवून पाहिली,
कान काचेला लावून,
मग आणखी एकदा,
आणि न उघडताच जाऊन झोपले.
का, ते मी विचारलं नाही.
विचारलं असतं तरी मोठ्याने ओरडून विचारावं लागलं असतं.

मी त्यांना एक तुकडा आणून दिला,
कापता येणार नाही असा, मधोमध तडा गेलेला.
त्यांनी तो उत्तरेच्या खिडकीत ठेवला, भर उन्हात.
रंग उतरेल, मी कागदावर लिहिलं.
माते ओढता ओढता त्यांनी वाचलं, हसले.
"आत होता तेव्हा मिट्ट काळोख होता," म्हणाले,
"तेव्हा कुणासाठी जांभळा होता?"

रोज रात्री मी तो तुकडा खणात ठेवते.
रोज सकाळी तो खिडकीत असतो.